खर्ज घुमतो तेव्हा

घरात मिक्सर आणायचा असो नाहीतर शिवणयंत्र, आपण चार जणींना विचारतो, दोन दुकानं पालथी घालतो, हमीपत्र वाचतो. पण गाणी ऐकायचं यंत्र आणायचं म्हटलं की तो खास पुरुषांचा प्रांत! वॅट किती, बेस कसा, परदेशी की देशी, ह्यावर दुकानात तासभर खल चालतो आणि आपण मांडीवर पर्स घेऊन बाजूच्या स्टुलावर बसून राहतो. मग खोकी घरी येतात, आणि पहिला प्रश्न येतो तो मात्र आपल्याकडेच : "अगं, हे ठेवायचं कुठे?"

"त्या कोपऱ्यात ठेवा, केर काढताना मध्ये यायचं नाही," असं आपण सहज सांगून टाकतो. मैत्रिणींनो, स्पीकरच्या आवाजाचा निम्मा निकाल त्या एका वाक्यात लागून जातो बरं का! उरलेला निम्मा लागतो तो स्पीकर कशाचा केलाय ह्यावर. आणि ह्या दोन्ही गोष्टी, म्हणजे कुठली वस्तू कशाची करावी आणि घरात कुठे ठेवावी, बायकांना पुरुषांपेक्षा अंमळ जास्तच कळतात असं माझं मत आहे. माझं बी.ए. मराठीचं. शाळेत मी अर्धवेळ शिकवते तेही मराठीच. तेव्हा ह्या लेखात गणित आलंच तर ते वाण्याच्या हिशेबापलीकडचं नाही, अगदी निर्धास्त राहा.

टिचकी मारून पाहा

स्पीकरवरची जाळी काढली तर आत द्रोणासारखी एक गोल वाटी दिसते. कारागीर तिला 'कोन' म्हणतात. कोनाच्या मागे तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं, ती कॉइल. हे वेटोळं लोहचुंबकाच्या अरुंद फटीत अधांतरी राहतं. गाण्याची वीज तारेतून खेळली की कॉइल मागेपुढे हलते, तिला चिकटवलेला कोन हलतो आणि समोरची हवा ढकलतो. झालं, एवढंच! १९२५ साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग ह्या दोघांनी ह्या घाटाच्या स्पीकरवर निबंध मांडला. त्याला शंभर वर्षं झाली तरी आपल्या घरातला स्पीकर मुळात तोच आहे.

बदललं ते कोनाचं सामान. कोन हलका हवा, नाहीतर कॉइलला तो ओढवत नाही. तो ताठ हवा, नाहीतर मध्यभागी ढकलला तर कडेला लुळा पडतो. आणि तिसरी गोष्ट, तो स्वतः वाजता कामा नये. स्वयंपाकघरात जाऊन स्टीलच्या ताटाला टिचकी मारा. ठण्णकन वाजेल आणि वाजतच राहील. आता सुपाला मारा. टप्प, संपलं. ताट ताठ आहे पण बोलकं आहे, सूप हलकं आहे आणि गप्प आहे. कोन करणाऱ्यांची सगळी धडपड म्हणजे ताटाचा ताठपणा आणि सुपाचा गप्पपणा एकाच वाटीत आणायची.

म्हणून तर सुरुवातीचा कागद अजूनही टिकून आहे. कागद म्हणजे वहीचा नव्हे. लगदा साच्यात ओतून पापडासारखा वाळवलेला. तो हलका असतो आणि टिचकीला गप्प असतो. त्याचं दुखणं म्हणजे दमट हवा. शिवाय लगद्याचा एक घाणा दुसऱ्यासारखा निघेलच असं नाही. ह्याच कटकटीमुळे लंडनच्या बीबीसीच्या संशोधन विभागाने १९६० च्या दशकात प्लॅस्टिकचे कोन करून पाहिले आणि १९७० च्या दशकात पॉलिप्रॉपिलीनवर आले. नाव भारी असलं तरी वस्तू ओळखीची आहे. आपले प्लॅस्टिकचे डबे बरेचसे ह्याचेच असतात. पाण्याला दाद देत नाही आणि टिचकी मारली तर फारसं बोलत नाही, हे डबा घासणारीला सांगायला नको. त्याच सुमारास इंग्लंडातल्या एका कंपनीने केव्हलार ह्या धाग्याचं विणलेलं कापड कोनाला वापरलं. बंदुकीची गोळी अडवणारी जाकिटं ह्याच धाग्याची होतात. शिवाय अ‍ॅल्युमिनियम आलं, बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला रेशमी कापडाचे आणि टिटॅनियमचे घुमट आले. दुकानदार धातूचं नाव जरा वजन देऊन घेतो. धातू ताठ खराच, पण त्याच्यात ताटाचा गुण असतोच. तो ज्या पट्टीत ठणकतो ती पट्टी गाण्याच्या बाहेर ठेवायचं काम बनवणाऱ्याला नीट जमलंय का, एवढाच प्रश्न. कागदाचा चांगला कोन धातूच्या वाईट कोनाला सहज मागे टाकतो.

कोनापेक्षा लवकर दगा देते ती त्याच्या कडेची मऊ पट्टी. ही रबराची, कापडाची नाहीतर फोमची असते. फोम हलका आणि मऊ म्हणून १९७० आणि ८० च्या दशकांत फार लोकप्रिय झाला. पण हवेतला ओलावा त्याला हळूहळू खातो. पंधरा-वीस वर्षांत, कधी त्याच्याही आधी, बोट लावलं की काळा चिकट भुगा हाताला येतो. ठेवून ठेवला, वाजवलाच नाही, तरीही कुजतो! पट्टी फाटली की कोन तिरका हलतो, खालच्या सुरांना फडफड येते, आणि आपल्याला वाटतं स्पीकरच मेला.

आता पेटी. आम्ही सांगलीचे, त्यामुळे मिरज शेजारीच. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे तुम्ही वाचलं असेल. तंबोऱ्याला पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि तूणीचं लाकूड घेतात ते अशासाठी, की तार छेडली की लाकूड आणि भोपळा दोघांनी गायला पाहिजे. स्पीकरच्या पेटीचं नेमकं उलटं. गाणाऱ्याचा भोपळा गाऊन झालेला आहे, तो आवाज तबकडीत आला आहे, आता पेटीने त्यात स्वतःचा भोपळा घालायचा नाही. म्हणून पेटी जाड आणि जड. पेटीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहा. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला तर पुढचं दुकान गाठा. आणि पार्टिकल बोर्ड म्हणजे काय हे ज्यांनी ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा पूर पाहिला त्यांना सांगायला नको. पाणी ओसरल्यावर अर्ध्या गावाची कपाटं पावासारखी फुगली होती. मध्यम घनतेचा फायबर बोर्ड त्याहून बरा, पण पाण्याचं वावडं त्यालाही आहेच. स्पीकरवर फुलदाणी ठेवायची हौस असेल तर फुलं कापडाची ठेवा.

पूर्वी खालचे सूर हवे तर पेटी कपाटाएवढी लागायची. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर ह्यांनी पेटी हवाबंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच कोनाची स्प्रिंग बनवलं. त्यातून लहान पेटीत खोल आवाज आला. नंतर ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल ह्यांनी १९६१ पासून पुढच्या दहा-बारा वर्षांत पेटी, भोक आणि कोन ह्यांचं गणितच बसवून दिलं. आजही स्पीकरच्या कागदावर जे आकडे असतात ते ह्या दोघांच्याच नावाने ओळखले जातात.

लहान पेटीतून मोठा बेस येतो असं जाहिरातीत म्हणतात, त्यावर मात्र सावकाश विश्वास ठेवावा. सूर एक सप्तक खाली न्यायचा आणि जोर तेवढाच ठेवायचा तर कोनाला चौपट हवा हलवावी लागते. वाटीएवढा कोन ती कुठून हलवणार? मग मोबाईलवर तंबोऱ्याचा खर्ज ऐकू कसा येतो? त्यात गंमत आहे. मोबाईलमधून खर्जाचा मूळ सूर येतच नाही, त्याचे वरचे स्वर तेवढे येतात, आणि आपला मेंदू त्यांच्यावरून खालचा सूर स्वतःच भरून घेतो.

मामंजींचा गंधार

एवढं सगळं मी का शिकले ते आता सांगते. माझे सासरे, वय शहात्तर, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते स्वतः गात नाहीत, पण कान तयार. हिराबाई बडोदेकर, ज्या १९०५ साली मिरजेतच जन्मल्या, त्यांच्यापासून पुढच्या सगळ्या बायकांच्या गाण्याच्या तबकड्या त्यांनी पगारातून पैसे बाजूला टाकून जमवल्या. १९८० च्या दशकातले जोडीचे स्पीकर, आठ इंची कोनाचे, सागवानी पत्र्याच्या प्लायवूडच्या पेट्यांतले. गेल्या वर्षी पडून खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण जिना बंद झाला. म्हणून खालची छोटी खोली त्यांच्यासाठी रिकामी केली आणि वरच्या हॉलमधली सगळी यंत्रसामग्री खाली आणली. दिवसभर पलंगावर असणाऱ्या माणसाला दुसरी करमणूक काय?

पंधरा दिवस गाणं चाललं आणि मग बंद झालं. मी विचारलं, "मामंजी, आज काही लावायचं नाही का?" तर म्हणाले, "राहू दे. कान गेले माझे, सूनबाई. तंबोरा नुसता घूं करतोय. जवारीच मेली. गंधार ऐकू येत नाही."

ज्यांच्या घरी गाणं नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट जुळली, जवारी चांगली लागली, की त्या एका तारेतून आपोआप गंधार उमटतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो तारेचा पाचवा अंश, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा स्वर. जाणकार त्याच्यासाठीच तंबोरा ऐकतात. तो ऐकू येईना म्हणजे मामंजींच्या दृष्टीने सगळंच संपलं. जेवण कमी झालं. व्यायाम करवून घ्यायला बाई यायच्या, त्यांना परत पाठवायला लागले. सासूबाई माझ्याशी काही बोलल्या नाहीत, पण देवघरात जास्त वेळ बसू लागल्या.

ह्यांनी दोन गोष्टी केल्या. कानाच्या डॉक्टरांना घरी आणून तपासणी केली, आणि सांगलीतल्या एका दुकानातल्या माणसाला बोलावून स्पीकर दाखवले. त्याने जाळी काढली, फोमचा भुगा दाखवला आणि म्हणाला, "काका, हे आता भंगारात. सबवूफरवाला नवा संच घ्या, पासष्ट हजारात मस्त बेस येईल." हे मुदतठेव मोडायला निघाले. मी म्हटलं, "अहो, जरा चार दिवस थांबा." कारण मला एक गोष्ट कळेना. मामंजींची तक्रार बेस कमी आहे अशी नव्हतीच. बेस नको इतका झालाय, अशी होती!

शाळेत आमच्या विज्ञानाच्या बाई आहेत, त्यांच्याजवळ हा विषय काढला. त्यांनी पहिल्यांदा डॉक्टरांचा कागद मागितला. कान किती ऐकतो त्याचा आलेख असतो, त्यात मामंजींची वरच्या पट्टीतली रेघ घसरलेली होती आणि खालची बरीचशी सरळ होती. बाई म्हणाल्या, "वयाने कान जातो तो वरून जातो. दोन-तीन हजार कंपनांच्या वरचं आधी. तुमचा गंधार कुठे आहे?" मी पेटी घेऊन बसले. बायकांच्या तबकड्यांपैकी ज्या त्यांना सगळ्यात नकोशा झाल्या होत्या, त्यांची पट्टी काळी पाच निघाली. काळी पाचचा षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे २३३ कंपनं. खर्ज त्याच्या निम्मा, साडेएकशेसोळा. गंधार त्याच्या पाचपट, म्हणजे जेमतेम ५८२. ह्या भागात तर मामंजींचा कान शाबूत होता. मग गंधार गेला कुठे?

टेप आणि भागाकार

बाईंनी मला शिंप्याची टेप घेऊन खोली मोजायला लावली. खोलीला आम्ही दहा बाय दहा म्हणतो. प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत भरली ९ फूट १० इंच, दोन्ही बाजूंनी तेवढीच. छतही साडेनऊ फुटांवर. जवळजवळ चौकोनी डबाच!

आता झोका आठवा. झोक्याला एक स्वतःची लय असते. त्या लयीत ढकललं की एका बोटानेही तो उंच जातो. खोलीतल्या हवेचं तसंच आहे. आपल्याकडच्या तीस अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ११४५ फूट धावतो. तो ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर जाऊन परत आला की त्याचा एक फेरा होतो. ९ फूट १० इंचांचा जाऊन-येऊन फेरा १९.६६ फुटांचा. ११४५ ला १९.६६ ने भागा, उत्तर आलं ५८. म्हणजे सेकंदाला ५८ कंपनांचा सूर लावला की खोलीच्या झोक्याला बरोब्बर लयीत धक्का बसतो. त्याच्या दुपटीलाही बसतो. दुप्पट किती? साडेएकशेसोळाच्या जवळपास. काळी पाचचा खर्ज!

मी तो भागाकार तीनदा करून पाहिला. तबकडीत तंबोरा असतो मागे, हलका. खर्जाच्या तारेत मूळ सूर तसा दुबळाच असतो, जवारीमुळे वरचे स्वर उठून येतात, म्हणून तर ती झिलई. आमच्या खोलीने नेमका तो दुबळा सूर पकडून ढोलासारखा फुगवला होता, आणि मोठा खालचा आवाज वरच्या नाजूक आवाजाला झाकतो तसा गंधार झाकून टाकला होता. पुरुषांच्या गाण्याला हा त्रास का नव्हता तेही उलगडलं. काळी एकचा खर्ज ६९ कंपनांचा. तो ह्या खोलीच्या दोन झोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडतो.

खात्री करायला मुलाने मोबाईलवर सूर काढणारं एक अ‍ॅप घेतलं आणि ते यंत्राला जोडलं. पन्नासपासून हळूहळू वर जाऊ लागलो. अठ्ठावन्नला खिडकीचं तावदान थरथरलं. एकशेसोळाला फुलपात्रावरचं झाकण वाजायला लागलं. मग तो सूर तसाच धरून मी भिंतीपासून चालत निघाले. आणि काय सांगू, भिंतीशी कान भरून जाईल असा आवाज, अडीच फुटांवर आले तर जवळजवळ नाहीसा, खोलीच्या मध्यावर पुन्हा मोठा, पलीकडे भिंत अडीच फूट राहिली की पुन्हा गायब! सासूबाई दारात उभ्या राहून माझी ही येरझार बघत होत्या. त्यांना वाटलं काहीतरी हरवलंय.

हे घडतं कारण भिंतीवर हवेला पुढे जायला जागा नसते, तिथे दाब साचतो. ह्या दुपटीच्या सुराचा दाब दोन्ही भिंतींशी आणि मध्यावर साचतो, आणि खोलीच्या पाव भागावर जवळपास शून्य होतो. ९ फूट १० इंचांचा पाव म्हणजे सुमारे अडीच फूट. आमच्या मामंजींची उशी होती भिंतीपासून एक फुटावर, आणि स्पीकर समोरच्या दोन कोपऱ्यांत, जमिनीवर टेकवलेले. कोपऱ्यात दोन भिंती आणि फरशी, तिन्ही मिळून खालच्या सुराला जोर देतात. ह्याहून वाईट मांडणी ठरवून करायची म्हटली तरी जमली नसती.

पलंग दीड फूट पुढे ओढला, उशी अडीच फुटांवर आली. स्पीकर कोपऱ्यांतून काढून बाजूच्या भिंतींपासून अडीच-अडीच फूट आत घेतले आणि दोन लाकडी स्टुलांवर ठेवले. पलंगामागे जी पोकळी राहिली तिच्यात केर साठेल म्हणून सासूबाईंची कुरकुर झाली, तेव्हा तिथे औषधांची उभी मांडणी बसवली. फाटलेल्या फोमचं काम मिरजेतल्या एका कारागिराकडे दिलं. त्याने दोन्ही कोनांना नवा फोम लावून अठराशे रुपये घेतले. त्याने रबर लावू का विचारलं होतं, रबर टिकतं जास्त हे खरं, पण जिथे मूळ फोम होता तिथे जाड रबर बसवलं तर कोनाची चाल आखडते आणि खालचे सूर बदलतात. फोमच्या जागी फोमच, आणि त्याच जाडीचा.

संध्याकाळी काळी पाचची तीच तबकडी लावली. मी कणीक मळत होते. आलापी सुरू झाली, दोन मिनिटं गेली असतील, आतून हाक आली, "सूनबाई, हे इकडे ये. ऐक. ऐक आता." मला तो गंधार ओळखायला वेळ लागला, कणकेच्या हाताने उभी राहिले होते. त्यांनी बोट वर केलं आणि दर आवर्तनाला, तार वाजून गेली की ते बोट हलकेच खाली आणत गेले. दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या बाईंना त्यांनी परत पाठवलं नाही. मुदतठेव अजून बँकेत आहे.

तुमच्या हॉलचं काय?

तुमचा भागाकार तुम्ही करा. दहा फुटांना ५७, बारा फुटांना ४८, पंधरा फुटांना ३८ ही मूळची कंपनं, आणि मग त्यांच्या दुपटी-तिपटी. लांबी-रुंदीचे आकडे एकमेकांवर पडले की तो सूर घुमणारच. पंधरा बाय दहाच्या हॉलमध्ये लांबीची तिप्पट आणि रुंदीची दुप्पट दोन्ही साडेएकशेचौदावर येऊन बसतात. बारा बाय दहा त्यामानाने समजूतदार. खोली काही आपण पाडू शकत नाही, पण तिच्यात बसायचं कुठे हे आपल्या हातात आहे. कोचाची पाठ भिंतीला चिकटवायची आपल्याकडे रीतच पडली आहे, तीच एक-दीड फूट पुढे आली तर केवढा फरक पडतो बघा. खोलीच्या अगदी मध्यावरही बसू नये, तिथे पहिला मोठा सूर पार नाहीसा होतो आणि गाणं पाणचट लागतं.

सबवूफर असेल तर त्याची जागा शोधायची एक युक्ती आहे. तो उचलून तुमच्या नेहमीच्या बसायच्या जागी, कोचावरच ठेवा, ओळखीचं गाणं लावा आणि तुम्ही भिंतींच्या कडेने वाकून फिरा. जिथे खालचा आवाज फुगीर न वाटता स्पष्ट वाटेल तिथे सबवूफर ठेवा आणि कोच पुन्हा तुमचा. घरात कुणी नसताना करावं हे बरं. स्पीकरच्या बाबतीत अमेरिकेतल्या रॉय अ‍ॅलिसन ह्यांनी १९७४ साली दाखवून दिलं की कोनापासून फरशी, मागची भिंत आणि बाजूची भिंत ही तीन अंतरं सारखी असू नयेत. सारखी झाली की तिघी मिळून एकच सूर खातात. दोन फूट, तीन फूट, दीड फूट, असं काहीतरी विषम राहू द्या.

पडदे लावा, सतरंजी घाला, आवाज सुधारेल, असं सांगणारे भेटतात. वरच्या किनऱ्या आवाजाला ते खरं आहे. शंभर-सव्वाशेच्या सुराला सतरंजी म्हणजे काहीच नाही, त्याची एक लाट नऊ-अकरा फुटांची असते. जाड कापसाच्या गाद्यांची चळत कोपऱ्यात रचली तर थोडा उपयोग होतो. परदेशी पुस्तकांतले सल्लेही आपल्याकडे जपून घ्यावेत. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी चौकटीची आणि प्लास्टरच्या पातळ तक्त्यांची, खालचा आवाज त्यातून थोडा निघून जातो, थोडा भिंतीच खातात. आपल्या विटा आणि सिमेंट तो सगळा परत आपल्याच अंगावर टाकतात. यंत्रावरचं बेसचं बटण कमी करून सगळेच खालचे सूर पातळ होतात, घुमणारा एक सूर तरीही बाकीच्यांपेक्षा उंचच राहतो. हल्लीच्या काही यंत्रांबरोबर छोटा माईक येतो, तो खोली मोजून नेमका फुगलेला सूर कापतो. हे चांगलं आहे. पण जो सूर बसायच्या जागी नाहीसाच होतोय तो यंत्राला भरून काढता येत नाही, उगाच कॉइल तापते. तिथे कोचच हलवायला हवा.

खालच्या मजल्यावरच्यांचाही विचार करायचा. बारीक आवाज भिंतीत मरतो, खालचा भिंतीतून चालत जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मात्र ते मोजायचा जो काटा आहे तो कानाच्या हिशेबाने खालच्या सुरांना मोठी सूट देतो, पन्नास कंपनांना तर तीस डेसिबलची. त्यामुळे मीटरवर सगळं ठीक आणि शेजारच्या आजींच्या छातीत मात्र धडधड, असं होतं. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांबद्दल मी इथे लिहीत नाही, तो वेगळ्या लेखाचा आणि वेगळ्या संतापाचा विषय आहे. घरात मात्र स्पीकरखाली जाड रबराचे चार तुकडे घाला, सबवूफर सामाईक भिंतीला लावू नका.

नवे स्पीकर घ्यायचे झाले तर आपलं ओळखीचं गाणं बरोबर न्या, शक्यतो तंबोरा नीट ऐकू येणारं, आणि दुकानदाराला घरी लावून बघायची मुभा देतोस का हे आधी विचारा. कडेची पट्टी फोमची की रबराची तेही विचारा. आणि घरात जुने असतील तर दिवाळीच्या साफसफाईत जाळी काढून पट्टीवर बोट हलकेच टेकवून बघा. काळं लागलं तर वाजवणं थांबवा, फाटलेल्या पट्टीने वाजवत राहिलं तर कॉइल घासून जळते आणि मग अठराशेत भागत नाही. कोनावरची धूळ रंगकामाच्या मऊ कोरड्या कुंचल्याने मधून बाहेर झटका. ओलं फडकं कागदाच्या कोनाला कधीही लावायचं नाही. मधला छोटा घुमट मुलांनी बोटाने दाबून चेपला असेल तर सुई-टाचणी घेऊन तो ओढून काढायच्या फंदात पडू नका, कारागिराकडे द्या.